नकाशातला आकडा अंशाचा की मीटरचा?



ऊसनोंदीसाठी आता मोबाईल घेऊन बांधाने फिरले की शेताचा नकाशा तयार होतो. पण त्यातले आकडे कोणत्या मापाचे, हे ओळखल्याशिवाय क्षेत्र काढू नये, असे आम्ही सांगू.

१७.०५ व ७४.२० असे आकडे दिसले, तर ते अंश. त्यांवरून थेट क्षेत्र निघत नाही. आपल्या सातारा-सांगलीकडे उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे १०६ किलोमीटर भरतो.

पूर्वेचा आकडा ४ लाखांच्या आणि उत्तरेचा १८ लाखांच्या घरात असेल, तर तो यूटीएमच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यातला. हे मीटर जमिनीवरच्या मीटरशी जवळजवळ जुळतात.

पूर्वेचा आकडा ८२ लाखांच्या घरात असेल, तर मात्र सावध! तो वेब मर्केटर नकाशा. त्यातही मीटरच असतात, पण विषुववृत्तापासून लांब जावे तसा तो ताणत जातो. आपल्याकडे त्यावर सरळ मोजलेले क्षेत्र सुमारे ९ टक्के जादा येते. म्हणजे ४० गुंठ्यांचा एकर पावणेचव्वेचाळीस गुंठे दिसतो! मग बेणे-खत जादा उचलले जाते, त्याचे पैसे ऊसबिलातून जातात, अन् एकरी टनेज मात्र कमी दिसते.

ताळा सोपा आहे. चौरस मीटरला १०१.१७ ने भागा, गुंठे निघतील. १०० चौरस मीटरचा १ आर धरून सातबाऱ्याशीही ताडून पाहा. फरक वाटला, तर नोंदीवर सही करण्याआधी गट कार्यालयात या. बांधावर टेप लावून मोजून घेऊ.