आवाज येतो, चित्र नाही : फ्लॅट टीव्हीविषयीचे काही समज

आजचा विषय आपल्या भिंतीवरचाच आहे. कल्याणात दसरा-दिवाळीला टीव्हीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आणि पुढे चार-पाच वर्षांत त्यातलाच एखादा टीव्ही ‘पॅनल गेलं’ म्हणून भंगारात जातो. घेताना आणि टाकताना, दोन्ही वेळा आपला गोंधळ होतो तो बऱ्याचदा एकाच शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘एलईडी’.

‘एलसीडी जुना झाला, आता एलईडी आला,’ असं आपण सर्रास म्हणतो. पण दुकानात एलईडी म्हणून मिळणारे टीव्ही एलसीडीच असतात बरं का! एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्यातले लाखो ठिपके खिडकीच्या झडपांसारखे काम करतात, मागून येणारा उजेड कमी-जास्त सोडतात. हा मागचा उजेड पूर्वी ट्यूबलाइटच्या जातीच्या बारीक नळ्यांचा असायचा, आता एलईडीच्या पट्ट्यांचा असतो. म्हणजे दिवा बदलला, पडदा तोच राहिला. खरा एलईडीचा पडदा बघायचा तर कल्याण स्थानकात लोकलची वेळ दाखवणारा ठिपक्याठिपक्यांचा इंडिकेटर बघा. तिथे प्रत्येक ठिपका हाच एक दिवा आहे. घरच्या टीव्हीत असं मुख्यतः ओलेडमध्ये घडतं. क्यूएलईडी हे नाव ओलेडसारखं ऐकू येतं खरं, पण तोही मागून दिवे लावलेला एलसीडीच.

आता तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? आहे ना. समजा टीव्हीचा आवाज येतोय, चॅनल बदलताहेत, पण पडदा काळा. घरात लगेच निकाल लागतो : पॅनल गेलं. आणि पॅनल बदलायचं म्हणजे जवळजवळ नव्या टीव्हीची किंमत, म्हणून टीव्ही टाकून दिला जातो. त्याआधी एक करा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि पडद्याजवळ बॅटरी तिरकी धरा. आत माणसं पुसट हलताना दिसली, तर झडपा ठीक आहेत, मागचे दिवे बंद आहेत. पट्टीवरचे एलईडी माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. गणपतीच्या मखराची जुनी माळ आठवा, एक दिवा गेला की सगळी माळ बंद. इथेही तसंच होतं. पट्टी बदलायचा खर्च पॅनलच्या मानाने कितीतरी कमी येतो. कधी पडद्यावर पांढरे गोल डाग दिसतात, तेव्हा बहुधा दिव्यावरची छोटी भिंग गोंद सुटून पडलेली असते. तेही दुरुस्त होतं. पडदा तडकला असेल तर मात्र पॅनलच गेलं, तिथे वाद नाही. मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो.

हे दिवे लवकर जातात ते उष्णतेने. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही भडक ‘शॉप’ मोडवर ठेवतात, आणि कधीकधी तो घरीही तसाच चालतो. ‘होम’ मोड निवडा, ‘बॅकलाइट’ निम्म्यावर आणा. ‘ब्राइटनेस’ नावाचं बटण बऱ्याच टीव्हींत काळ्या रंगाची खोली बदलतं, दिव्याला हात लावत नाही, हे ध्यानात ठेवा.

घेतानाचा मोठा समज म्हणजे फोर-के असलंच पाहिजे. हिशेब करूया. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला तो सुटा दिसतो साधारण साडेपाच फुटांपर्यंत. आपल्याकडच्या दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला की डोळे आठ फुटांवर येतात. तिथून फोर-केचे जादाचे ठिपके दिसायचे कसे? हप्त्याने घेणाऱ्याने टेप घेऊन आधी हे अंतर मोजावं.

स्टॅबिलायझरचं थोडक्यात सांगतो. टीव्हीच्या मागे ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असेल, तर रोजच्या कमी-जास्त दाबासाठी त्याची गरज नाही. विजेचा लोळ मात्र साधा स्टॅबिलायझर अडवत नाही. पावसाच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा, आणि डिशची किंवा केबलची वायरसुद्धा. ही दुसरी वायर बहुतेक घरांत तशीच राहते.