जन्मभराची शपथ नको, आजचा दिवस पुरे

'डॉक्टरसाहेब, उद्यापासून बंद!' हे वाक्य आमच्या धर्माबादच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येते. शिंदी असो की देशी, पिणारा हे खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच सोडायची असते. कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, कोणी गळ्यात माळ घालतो. माळ घालून सुटलेले लोकही आहेत. पण पुष्कळांची शपथ चार-आठ दिवसांत मोडते आणि 'आपल्याच्याने होणे नाही' म्हणून माणूस पुन्हा जास्तच पिऊ लागतो.

अशांच्या उपयोगाचे काही साधे इंग्रजी बोल आहेत. 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातील माणूस आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकत्र आले. दोघेही दारूने पोळलेले. त्यांच्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिच्या सभांतून 'वन डे ॲट अ टाइम' हा बोल जगभर गेला. अर्थ असा की, एका वेळी एकच दिवस. 'जस्ट फॉर टुडे' म्हणजे फक्त आजच्यापुरते. 'ईझी डझ इट' म्हणजे दमाने घ्या. आपल्याकडे व्यसनमुक्तीचे काम घरोघर माहीत झाले त्यात पुण्याच्या 'मुक्तांगण'चा मोठा वाटा आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ते 1986 साली सुरू केले.

या बोलांत जादू नाही, हिशेब आहे. जन्मभराचे ओझे पाहून मन खचते. एक दिवस पेलवतो. पिण्याची ओढ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. म्हणून सकाळी तोंड धुताना मनाशी म्हणावे, 'आज घ्यायची नाही.' उद्याचे उद्या पाहू. मात्र नुसते म्हणून भागत नाही. संध्याकाळी त्या रस्त्याने जायचे नाही, पैसे घरी द्यायचे, हे सकाळीच ठरवावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा धोक्याच्या. मोंढ्यात दिवसभर पोती उचलून उपाशी पोटी परतणाऱ्याने आधी जेवावे. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच निश्चय करावा. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. न पिता गेलेला दिवस मोजावा.

आता महत्त्वाची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एकदम बंद करू नये. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होऊन माणूस बरळू लागला, तर जिवाला धोका असतो. त्याला बाहेरची बाधा समजून वेळ घालवू नका. 2015 साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा शेजारच्या निजामाबादसह काही जिल्ह्यांत ताडी अचानक बंद झाल्याने अनेकांना दवाखान्यात दाखल करावे लागले होते. अशा वेळी नुसती सलाईन पुरत नाही. बी-1 जीवनसत्त्व आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांची औषधे लागतात.

तेव्हा 'उद्यापासून' म्हणणाऱ्यांनी आजच एवढे करावे: जवळच्या डॉक्टरांना रोज किती पितो ते खरे सांगावे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार तज्ज्ञ असतात. 'टेली मानस'च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. आजचे काम एवढेच. उद्याची सकाळ उजाडली, की त्या दिवसाचे पाहू.