विमा आला, गोळ्यांचे काय?

उरण तालुक्यातले न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. इथे कंटेनर हलवणाऱ्यांपैकी कुणी ठेकेदाराकडे कामाला असतो, कुणी स्वतःचा ट्रेलर चालवतो. काम एकाच बंदरातले. पण आजारी पडल्यावर दोघांची सोय मात्र वेगळी.

आधी ठेकेदाराचा कामगार पाहू. कामगार विमा, म्हणजे ‘ईएसआय’ योजना, १९४८ च्या कायद्याने आली. २०१७ मध्ये तिची पगारमर्यादा २१,००० रुपये झाली. जुलै २०१९ पासूनच्या दराने १८,००० रुपये पगारावर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५ रुपये कापले जातात. त्या बदल्यात कुटुंबाला दवाखाना, औषधे, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. स्वतःच्या ट्रेलरवाल्याला मात्र मालकच नाही, मग वर्गणी कोण भरणार?

त्याच्यासाठी सरकारी योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत रायगड होता. तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचे संरक्षण होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये राज्याने पाच लाखांचे संरक्षण सर्व कुटुंबांना देण्याचे ठरवले. इथे प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकार आधीच ठरवते; रुग्णाकडून वर पैसे घेता येत नाहीत. खर्चाला लगाम बसतो तो इथे.

पण यादीतला आजार हवा, यादीतले रुग्णालय हवे आणि बहुधा भरती व्हावे लागते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत. हात आखडला की माणूस आधी गोळ्याच बंद करतो. मग मूत्रपिंड किंवा हृदय दगा देते आणि जे काही रुपयांत टळले असते, त्यावर लाखो खर्च होतात. तेही सरकारच्याच तिजोरीतून!

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत झाली, हे चांगलेच. मात्र गोळ्या तिथे शिल्लक हव्यात आणि पाळी संपवून येणाऱ्याला दवाखाना उघडा मिळायला हवा. विम्याइतकाच पैसा आणि लक्ष या साध्या गोष्टींकडे वळले, तरच खर्च उतरेल.

तोवर एवढे करा. रेशनकार्ड व आधारकार्डावरची नावे जुळतात का, ते आजच पाहा आणि रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी ‘आरोग्यमित्रा’ला गाठा.