तबल्यावर कोण होतं? संगीत ट्रस्टमधली माझी इंटर्नशिप

‘म्युझिक ट्रस्टमध्ये इंटर्नशिप’ म्हटलं की मित्रांना वाटतं, दिवसभर फुकटात गाणी ऐकायची. मी पुण्यातल्या अशाच एका छोट्या ट्रस्टमध्ये सहा आठवडे होते. ऐकणं होतंच, पण खरं काम लिहिण्याचं.

तिथे जुन्या घरगुती मैफलींच्या स्पूल टेप येतात. आधी बुरशी आहे का बघायचं, नाहीतर ती मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या टेपवर जाते. मग रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं. एमपीथ्री नाही हं, त्यात आवाजाचा काही भाग गाळला जातो, वेव्ह फाइलच. आणि तासाभराच्या टेपला तासच लागतो. तेवढ्यात मी राग, ताल, तारीख, गायक, साथीदार असे रकाने भरायचे. साथीदारांचा रकाना बहुतेक वेळा कोरा. डब्यावर त्यांची नावं कुणी लिहिलेलीच नसतात! मग ट्रस्टमधले ऐंशीच्या घरातले एक काका नुसता ठेका ऐकून तबलजी ओळखतात. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाकायला लावतात.

गंमत बघा, १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा त्या गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायच्या, तेही इंग्रजीत. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. लेबलवर कुणाचं नाव घालायचं हे तिथल्यांना कळायला नको? घरच्या मैफलीत असं कोण बोलणार!

काका आठवड्यातून दोनदाच येतात. म्हणून कोऱ्या रकान्यांच्या टेप आम्ही आधी मशीनवर चढवायचो.