कोणी पाहो वा न पाहो



संध्याकाळी पारावर चार माणसे बसली की एक बोलणे हमखास कानी पडते. कोणीतरी खांद्यावरचा दुपट्टा झटकतो आणि म्हणतो, "एवढा राबतो बाप्पा मी, पण कोनाले दिसते?" हे बोलणारा कधी शेतकरी असतो, कधी एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळणारा गुरुजी असतो. कधी तो गावाच्या नळाला पाणी सोडणारा असतो, तर कधी रविवारी सर्वांच्या आधी येऊन ख्रिस्तमंदिर झाडणारा आणि सतरंज्या अंथरणारा एखादा भाऊ असतो. माणसे वेगळी असली तरी दुःख एकच. या दुःखाकडे ख्रिस्ती श्रद्धा कशी पाहते, ते आज थोडक्यात सांगायचे आहे. आपल्यात सर्व धर्मांची मंडळी आहेत. पण घामाला काही वेगळा धर्म नसतो, म्हणून सर्वांनीच ऐकावे.

हे दुःख हलके समजू नका. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली. त्या सहांत आपला वाशीम जिल्हा होता. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणे तर खरीच. पण 'आपले कष्ट कोणाच्या हिशेबातच नाहीत' ही भावना त्यात मिसळली की माणूस आतून पोखरला जातो. बाईमाणूस निदान शेजारणीपाशी रडून मोकळी होते. पुरुष मात्र गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यालाच आपण मर्दपणा म्हणतो.

आता आपल्या गावचीच एक जुनी गोष्ट पाहा. आजचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी ही वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या कितीतरी लेण्यांचे काम झाले. सोळा क्रमांकाचे लेणे त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले. तसा लेख तेथे कोरलेला आहे. राजाचे नाव राहिले, मंत्र्याचेही राहिले. पण अंधाऱ्या दगडात छिन्नी चालविणारे आणि भिंतीवर रंग भरणारे हात कोणाचे होते, हे तो लेख सांगत नाही. तरी त्या हातांनी 'नाव नाही, मग काम कशाला नीट करू' असा विचार केला असता, तर आज तेथे पाहण्यासारखे काय उरले असते?

ही लेणी बौद्ध धर्माची. पण याच प्रश्नावर प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात जे शिकविले, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. दान करावे, प्रार्थना करावी, उपास करावा. पण लोकांनी पाहावे म्हणून करू नये. लोकांसाठी जो करतो त्याला लोकांची वाहवा मिळते आणि त्याचा हिशेब तेथेच मिटतो. जो गुप्तपणे करतो त्याचे काम स्वर्गातील पिता पाहतो. म्हणजे न पाहिलेले असे काम जगात नाहीच. पाहणारा एक आहे, आणि त्याच्या वहीत खाडाखोड होत नाही.

येशूच्या घरातच याचे उदाहरण आहे. मरियेचा पती योसेफ हा नासरेथचा सुतार होता. चारही शुभवर्तमाने वाचून पाहा, योसेफाच्या तोंडचा एकही शब्द त्यांत लिहिलेला नाही. बाळाच्या जिवावर बेतले तेव्हा तो रात्रीच उठला, माय-लेकराला घेऊन मिसर देशात गेला आणि संकट टळल्यावर परत आला. मुलगा बारा वर्षांचा असताना मंदिरात हरवला, तेव्हा तो मरियेबरोबर शोधत फिरला. पुढे त्याचे काय झाले हेसुद्धा सांगितलेले नाही. पण पुढे येशू उपदेश करू लागला तेव्हा गावचे लोक विचारू लागले, हा त्या सुताराचाच मुलगा ना? बापाची तेवढीच ओळख मागे राहिली. पण ज्या घरात तो मुलगा वाढला, ते घर याच मुक्या माणसाने राखले होते.

आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी 1845 साली नागपूरला आले. त्यांनी शाळा चालविली, विदर्भातील दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंड लोकांची भाषा आणि चालीरीती टिपून ठेवल्या. अठरा वर्षे अशी गेली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापून काढली. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज 1883 साली सुरू झाले. आज त्या कॉलेजात शिकून गेलेली माणसे विदर्भभर सापडतील; पण हिस्लॉप यांनी यातले काहीच पाहिले नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपण सोयाबीनच्या चार-सहा ओळींमागे तुरीची एखादी ओळ टाकतो. श्रावणात पाहिले तर वावरभर सोयाबीनच दिसते, तूर कुठेतरी दबलेली असते. सोयाबीन निघाले की वावर मोकळे होते आणि मग तूर दिसू लागते. मधल्या महिन्यांत ती रिकामी बसलेली नसते, खाली मूळ धरत असते. रोप वाढते की नाही म्हणून रोज उपटून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मात्र येथे एक घोटाळा होऊ देऊ नका. 'देव पाहतो' याचा अर्थ 'माणसाने मजुरी बुडविली तरी चालेल' असा नव्हे. याकोबाच्या पत्रात स्पष्ट बजावले आहे की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. तेव्हा हक्काचा पैसा मागावा, अन्यायाविरुद्ध बोलावे. वाहवा मिळाली नाही तर सोसावे. दाम मिळाला नाही तर सोसू नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. माझे कष्ट कोणी पाहत नाही असे म्हणणाऱ्याने घरी जाऊन विचार करावा, मी कोणाचे कष्ट पाहत नाही? कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. येशूच्या चरित्रावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य 1919 साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी. ज्या बाईचे शाळेत शिक्षण झाले नव्हते, तिने नामांकित कवीचे काम शेवटास नेले. आपल्या घरातही पहाटे उठून चूल पेटविणारी, शेण काढणारी, निंदायला जाणारी कोणी आहे. तिची नोंद आपल्या वहीत आहे काय?

म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, रात्री निजण्यापूर्वी दिवसभराचे काम देवापुढे ठेवा. जे झाले ते सांगा, जे राहिले तेही सांगा. दोन, रोज एका माणसाला त्याच्या कामाबद्दल तोंडावर चांगला शब्द बोला. गुरुजींनी तर फळा पुसणाऱ्या पोरालाही 'शाब्बास' म्हणावे. त्याला दाम लागत नाही. तीन, मन फार जड झाले तर एकट्याने ओझे वाहू नका. बायकोला सांगा, मित्राला सांगा, पाळकांना किंवा गुरुजींना सांगा. शासनाची टेली-मानस नावाची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तेथे फुकट बोलता येते. मदत मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत, जीव कासावीस झाला तेव्हा, तीन मित्रांना आपल्याजवळ जागे राहायला सांगितले होते.

उद्या सकाळी पुन्हा वावरात जायचे आहे, शाळेची घंटा द्यायची आहे, नळाला पाणी सोडायचे आहे. पारावर कोणी विचारले, "कोनाले दिसते गा?" तर त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "मले दिसते." देवाचे पाहणे पुष्कळदा असेच शेजाऱ्याच्या डोळ्यांतून आपल्यापर्यंत पोचत असते.