शेअर न घेता भावावर पैज: ‘स्प्रेड बेटिंग’चे गणित

शेअर बाजारातील चढउतारावर पैसे लावण्याचा एक मार्ग ब्रिटनमध्ये असा आहे, की त्यात शेअर विकत घ्यावाच लागत नाही. त्याला ‘स्प्रेड बेटिंग’ म्हणतात. स्विंडनसह त्या देशातील अनेक शहरांत गोमंतकीय कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथे हा व्यवहार कायदेशीर आहे आणि थोड्या रकमेत सुरू करता येतो. म्हणूनच नवख्याने त्याचे गणित आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

या प्रकाराची सुरुवात सोन्यापासून झाली. चलनविषयक निर्बंधांमुळे सामान्य ब्रिटिश नागरिकाला सोने खरेदी करणे अवघड होते, त्या काळात, १९७४ मध्ये, स्टुअर्ट व्हीलर यांनी लंडनमध्ये आयजी इंडेक्स ही कंपनी स्थापन केली. सोने हाती न घेता त्याच्या भावावर पैज लावण्याची सोय तिने केली. पुढे शेअर आणि निर्देशांकही त्यात आले. कायद्याच्या दृष्टीने ही पैज असल्याने सर्वसाधारणपणे व्यक्तीच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही आणि शेअर खरेदीवरील अर्धा टक्का मुद्रांक शुल्कही वाचते. मात्र तोटा झाल्यास तो करातून वजा करून मिळत नाही.

व्यवहार कसा चालतो?

समजा, एका शेअरसाठी कंपनीने ४९८ आणि ५०२ पेन्स असे दोन भाव दिले. पहिला विक्रीचा, दुसरा खरेदीचा. या दोहोंतील अंतर म्हणजे ‘स्प्रेड’ आणि तीच कंपनीची मुख्य कमाई. भाव वाढेल असे वाटणाऱ्याने ५०२ वर, प्रत्येक पेन्समागे ५ पौंड अशी पैज लावली. भाव ५३०–५३४ झाला, तर तो ५३० वर बाहेर पडतो; २८ गुणिले ५, म्हणजे १४० पौंड नफा. भाव ४७०–४७४ वर घसरला, तर ३२ गुणिले ५, म्हणजे १६० पौंड तोटा. भाव पडेल असे वाटल्यास आधी ‘विक्री’ करूनही पैज लावता येते.

खरी मेख पुढे आहे. ५ पौंडांची वाटणारी ही पैज प्रत्यक्षात ५०२ गुणिले ५, म्हणजे २,५१० पौंडांची आहे. अनामत मात्र २० टक्के, सुमारे ५०२ पौंडच भरावी लागते. त्यामुळे शेअर साडेपाच टक्क्यांच्या आसपास घसरला, तरी अनामतीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नाहीसा होतो. व्यवहार रात्रभर खुला ठेवल्यास व्याजासारखा आकारही लागतो.

संरक्षण किती?

ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने २०१९ मध्ये नियम कडक केले. खात्यातील शिल्लक आवश्यक अनामतीच्या निम्म्यावर आली, की कंपनीने व्यवहार बंद केला पाहिजे. ग्राहकाचा तोटा खात्यातील रकमेपेक्षा अधिक होता कामा नये. किती टक्के ग्राहक तोट्यात आहेत, हेही जाहीर केले पाहिजे. युरोपीय नियामकाने २०१८ मध्ये पाहिले, तेव्हा अशाच ‘सीएफडी’ व्यवहारांत ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात होती. ‘स्टॉप लॉस’ लावला, तरी रातोरात भाव कोसळल्यास ठरवलेल्या भावाला सुटका होईलच असे नाही.

भारतात काय?

भारतात राहून परदेशी कंपनीकडे अशी अनामत पाठवण्यास रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना परवानगी देत नाही. मान्यताप्राप्त बाजाराबाहेर भावावर लावलेली पैज, म्हणजे ‘डब्बा’, हा १९५६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यास दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वैध वायदे बाजारही सोपा नाही. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला.

तेव्हा अनामत किती, हा पहिला प्रश्न नव्हे. प्रति पेन्स रक्कम गुणिले शेअरचा भाव, हा गुणाकार आधी करावा. येणाऱ्या आकड्याएवढे शेअर रोखीने घेण्याचे धाडस होत नसेल, तर ती पैजही झेपणारी नाही.