घाटाखाली की घाटावर? पायी वारीतला डोंगराचा मुक्काम

पायी वारीत सपाटीवरचा मुक्काम चुकला तर दोन-चार किलोमीटर पुढे-मागे करून भागते. घाटाच्या टप्प्यावरचा मुक्काम चुकला तर भागत नाही. पुढचे गाव चढणीपलीकडे असते, मागे फिरावे तर दिवस वाया जातो आणि मधल्या जंगलात शंभर माणसांना पाणी पाजील असे ठिकाण नसते. म्हणून अनुभवी दिंडीचालक वारीचे वेळापत्रक मांडताना आधी घाटाचा दिवस नक्की करतात आणि बाकीचे टप्पे त्याच्या मागेपुढे बसवतात. वाशीम जिल्ह्याच्या वेशीवरचा पातूर-मेडशी घाट या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे.

वऱ्हाडाचे दोन भाग फार पूर्वीपासून वेगळ्या नावांनी ओळखले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट मुलूख म्हणजे पाईनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा पठारी मुलूख म्हणजे बालाघाट. शेगाव आणि अकोला पाईनघाटात मोडतात. मालेगाव, रिसोड, वाशीम बालाघाटात. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरांवर आहे, वाशीम साडेपाचशेच्या आसपास. ही उंची गाठून देणारी वाट पातूर सोडल्यावर डोंगरात शिरते आणि मेडशीच्या अलीकडे पठारावर येते. पातूर अकोला जिल्ह्यात, मेडशी वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात. पातूरलगतच्या डोंगरात खडक कोरून केलेले जुने विहार आहेत आणि टेकडीवर रेणुकामातेचे मंदिर आहे. डोंगराच्या पायथ्याशी थांबण्याची या गावाची सवय हमरस्त्याहून पुष्कळ जुनी आहे.

या घाटातून पायी जाणारे मुख्यतः दोन हंगामांत आणि दोन उलट दिशांनी जातात. ज्येष्ठात शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला निघते. सुमारे सातशे किलोमीटरांची ही वाटचाल महिन्याहून थोडी अधिक चालते. अकोला, वाडेगाव, पातूर करत पालखी घाट चढते आणि मेडशीत वाशीम जिल्ह्याचा पाहुणचार घेते. पुढे शिरपूर जैन, रिसोड असा जिल्हा ओलांडून ती सेनगावकडे हिंगोली जिल्ह्यात उतरते. परतीची वाट जालना, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव अशी असल्याने हा घाट पालखीला वर्षातून एकदाच लागतो. दुसरा हंगाम माघाचा. माघ वद्य सप्तमीला महाराजांचा प्रकटदिन असतो आणि त्यासाठी वाशीम, रिसोड, मालेगाव या बाजूच्या लहान-मोठ्या पायदळ दिंड्या शेगावकडे निघतात. त्यांना हाच घाट उतरायचा असतो. पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याच्या मुक्कामाची चिंता संस्थान वाहते. या गावोगावच्या दिंड्यांना मात्र मुक्काम स्वतः शोधावा लागतो, म्हणून इथला विचार मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न बाजूचा: घाटाआधी थांबायचे की घाट ओलांडून? पालखीचे वेळापत्रक पाहिले तर दोन्ही बाजूंना मुक्काम दिसतो, एक पातूरला आणि दुसरा मेडशीला. चढणीच्या दिवसाला वीस किलोमीटरांच्या आतबाहेरची वाटच दिली आहे. यामागचा हिशेब पक्का आहे. सपाटीवर समूह ताशी चार ते पाच किलोमीटर चालतो. चढणीवर, म्हातारी माणसे आणि डोक्यावरची तुळस धरून, तीन झाले तरी पुष्कळ. ज्येष्ठात वऱ्हाडात सकाळी दहानंतर डांबर तापते. तेव्हा पहाटे चारच्या काकड्यानंतर निघून ऊन चढायच्या आत चढण संपवायची, तर आदल्या रात्रीचे अंथरूण पायथ्याशीच हवे. तीच माणसे वाडेगावहून थेट घाट गाठायला निघाली, तर चढणीला नेमकी दुपार गाठते.

उतरणाऱ्यांचा हिशेब वेगळा. वाशीमकडून येणाऱ्या दिंडीला संध्याकाळी मेडशीत पोहोचल्यावर वाटते की उतारच आहे, आणखी तीन-चार तास रेटले की पातूर. हा मोह टाळावा. उताराला दम लागत नाही, पण दिवसभर चाललेले गुडघे आणि पायाच्या नख्या तिथेच जातात. शिवाय माघात सहा-साडेसहाला अंधारून येते. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग याच घाटातून जातो आणि त्यावरची जड वाहतूक रात्रीही थांबत नाही. मेडशीत राहून सकाळी ताज्या पायांनी उतरणे केव्हाही बरे.

घाटाच्या मध्ये मुक्काम करू नये, हे तर ठामपणे सांगायला हवे. पूर्वेच्या अंगाला काटेपूर्णा अभयारण्याचे जंगल आहे. या रानांत बिबट्या आणि अस्वलाचा वावर आहे. पण जनावरांपेक्षा मोठी अडचण रस्त्याची आणि पाण्याची. वळणाजवळच्या मोकळ्या जागेत झोपलेल्या माणसांवर वाहन येण्याचा धोका अस्वलाच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. घाटात विसावा घ्यावा, पाणी प्यावे, अभंग म्हणावा आणि पुढे निघावे.

इतर यात्रामार्गांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुणे-सासवड टप्पा तीस किलोमीटरांच्या वर जातो आणि दिवे घाट त्याच्या उत्तरार्धात येतो. तिथे पायथ्याशी मुक्काम नाही. त्याची भरपाई सासवडला दोन रात्री थांबून केली जाते. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेत फ्रान्समधून निघणाऱ्यांना पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या त्या टप्प्यावर आठेक किलोमीटरांवर ओरिसाँ नावाचे एक लहान विश्रामगृह आहे, पण खाटा थोड्या असल्याने आधी नाव नोंदवावे लागते. ज्याला खाट मिळत नाही त्याला थेट पलीकडच्या रोन्सेसवायेसच्या मठापर्यंत चालावे लागते. जोडून विश्रांतीचा दिवस घेणे किंवा चढण दोन भागांत तोडणे ज्या दिंडीला शक्य नाही, तिने पातूर-मेडशीचा नमुनाच धरावा: घाटाच्या दोन्ही अंगांना मुक्काम आणि मधला दिवस आखूड.

बाजू ठरली की पाणी पाहायचे. शेगाव ते अकोला या पट्ट्यात पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागले तरी ते मचूळ असते. घाटावर पाणी गोड, पण थोडे. पठाराखाली काळा कातळ आहे आणि कातळात पाणी फक्त भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते. मृगाच्या तोंडावर, म्हणजे नेमकी पालखीच्या दिवसांत, हापशा कोरडा आवाज करू लागतात आणि बोअरवेल तासभर चालून थांबते. म्हणून ‘गावात पाणी आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आज शंभर माणसांना पुरेल का’ असे विचारावे. पिण्याला माणशी चार-पाच लिटर, आंघोळीला निदान पंधरा, स्वयंपाक आणि भांडी वेगळी. शंभर जणांच्या दिंडीला अडीच हजार लिटरांच्या खाली भागत नाही. पाच हजार लिटरांचा एक टँकर सांगून ठेवला तर गावाच्या तोंडचे पाणी आपण प्यायलो ही टोचणी उरत नाही. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी हंडे रिकामे करणारी घरे वऱ्हाडात आजही आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यावर भार टाकू नये.

आता जागेची निवड. गावात साधारण पाच प्रकारच्या जागा मिळतात: देवस्थानाचा सभामंडप किंवा भक्तनिवास, जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय आणि शेतातला गोठा किंवा सपरी. यांत शाळा सर्वांत सोयीची. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे ज्येष्ठातल्या वारकऱ्यांना वर्ग बहुधा मोकळे सापडतात. माघात मात्र शाळा भरलेली असते; संध्याकाळी मुले गेल्यावर आत यायचे आणि सकाळी परिपाठाच्या आधी वर्ग झाडून मोकळा करायचा. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गात सामानासह पंचवीस माणसे नीट झोपतात. चाळीस कोंबली तर रात्रभर कोणाचाच डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी घाटात ते कळते. परवानगी मुख्याध्यापकांची आणि ग्रामपंचायतीची, दोन्ही घ्यावी. किल्ली कोणाकडे आहे हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. सुट्टीत मुख्याध्यापक गावात असतीलच असे नाही.

देवस्थानात भजन-कीर्तनाला जागा आणि रात्री दिवा असतो, चुलीचीही सोय बहुतेकदा होते. तिथल्या नित्यपूजेच्या वेळा आणि सोवळ्याचे नियम आधी समजून घ्यावेत. मंगल कार्यालयात शौचालये अधिक, पण ज्येष्ठात लग्नसराई शिल्लक असते आणि ऐनवेळी वरात आली की दिंडी रस्त्यावर येते. तारीख लेखी घ्यावी. टिनाच्या छताची जागा ज्येष्ठात दुपारच्या विसाव्याला घेऊ नये. भट्टीसारख्या त्या उन्हात माणूस झोपत नाही, नुसता निथळतो. शेतातली जागा माघात सुखाची, पण ज्येष्ठात धोक्याची.

हा धोका दोन प्रकारचा. एक विजेचा. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो आणि त्याआधीचे दिवस दुपारनंतरच्या वादळी पावसाचे, विजांचे असतात. उघड्या माळावरचा तंबू आणि एकट्या झाडाखालची पाल या दिवसांत जीवघेणी ठरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेची सूचना देते. दिंडीतल्या दोघा-तिघांच्या फोनवर ते असावे आणि पक्क्या इमारतीची एक जागा नेहमी हाताशी ठेवावी. दुसरा धोका सापाचा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दुखत नसल्याने माणूस झोपेतच अत्यवस्थ होतो. त्यामुळे भिंतीला, लाकडाच्या ढिगाला किंवा कडब्याला लागून अंथरूण घालू नये. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर डास, विंचू, साप तिन्ही अडतात. मुक्काम पाहतानाच जवळचे सरकारी रुग्णालय आणि तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे विचारून घ्यावे. पातूर आणि मालेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. १०८ ची रुग्णवाहिका घाटाच्या दोन्ही बाजूंनी बोलावता येते.

दिंडीत बायकांची संख्या अनेकदा निम्म्याहून अधिक असते, तरी जागा पाहायला जाणारी मंडळी सगळी पुरुष असतात. याचा परिणाम मुक्कामावर दिसतो: मंडप ऐसपैस, लाउडस्पीकर उत्तम आणि शंभर जणांत दोन शौचालये, त्यातल्या एकाला कडी नाही. पहाटे अंधारात उघड्यावर जावे लागू नये म्हणून कित्येक बाया संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतात आणि दुसऱ्या दिवशी चढणीवर भोवळ येऊन बसतात. जागा पाहायला एक तरी बाई गेली पाहिजे. तिने न्हाणीचा आडोसा, कडी, दिवा आणि वाट हे चार मुद्दे पाहिले की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. फिरती शौचालये मागवायची असतील तर ती उभी राहतील अशी सपाट जागा आणि मैला उपसण्याची सोय दोन्ही लागतात.

मुक्काम कोणाला मिळतो आणि कोणाला नाकारला जातो, हा प्रश्नही या वाटेवर जुना आहे. वारीत सगळे एकत्र चालत, पण रात्री धर्मशाळेच्या उंबऱ्यावर जात आडवी येई. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हे पाहिले आणि लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने बांधलेली धर्मशाळा ही त्यांतली महत्त्वाची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला चंद्रभागेकाठी हक्काचे छप्पर त्यामुळे मिळाले. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. आजही गावात मुक्काम मागताना ‘दिंडी कोणाची’ असे कुठे विचारले गेले, तर दिंडीचालकाने वारकऱ्यांची दिंडी एवढेच सांगावे आणि सगळ्यांना एकाच छताखाली जागा मिळेल तरच ती घ्यावी.

जागा पाहण्याची फेरी निघण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी करावी. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि देवस्थानाचे विश्वस्त यांना भेटावे. माणसांची संख्या खरी सांगावी. पन्नास सांगून ऐंशी नेली, की पुढच्या वर्षी त्या गावात दिंडीला दार बंद. वीजबिलाची, झाडलोटीची आणि पाण्याची रक्कम न मागता द्यावी, पंक्तीच्या पत्रावळी एका खड्ड्यात किंवा गाडीत भराव्यात. सामानाची गाडी दोन तास आधी पुढे जाऊन किल्ली घेते, पाणी भरते आणि चूल मांडते. घाटाच्या दिवशी हीच गाडी दिंडीच्या मागे ठेवायचा मोह होतो, कारण थकलेल्यांना बसवायला वाहन हवे असते. त्यासाठी दुसरे लहान वाहन ठेवावे. सामानाची गाडी मागे राहिली तर मेडशीत पोहोचलेल्या माणसांना ना अंथरूण मिळते ना अन्न.

मेडशीपासून पुढे वाट सोपी होते. पठारावर मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड अशी मोठी गावे एका दिवसाच्या अंतराने किंवा त्याहूनही जवळ येतात, पाऊस पडला नसेल तर पाण्याची चणचण तेवढी राहते. तिथे मुक्काम एखाद्या गावाने पुढे ढकलला तरी चालतो, आणि दिंडीत कोणाचे पाय घाटात बिघडले असतील तर तो एका गावाने अलीकडे आणावा.